वाहनावर उडालेला परका रंग



पावसाळा सरला आणि आश्विनांतलीं उन्हें पडूं लागलीं, कीं आपल्याकडील शहरांतून इमारतींच्या रंगकामाला ऊत येतो. दिवाळीपूर्वीं घर उजळ दिसावें ही इच्छा जुनीच आहे. फरक इतकाच, कीं पूर्वीं घराला चुना फासणारा माणूस कुंचला घेऊन भिंतीशीं उभा राही. आज चार-सात मजल्यांच्या इमारतीला परांची बांधून किंवा दोरांवर पाळणा सोडून रंग दिला जातो, आणि जिन्याचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या, आवाराचें लोखंडी फाटक यांवर कॉम्प्रेसरला जोडलेल्या स्प्रे गननें रंगाचा फवारा मारला जातो. त्याच आवारांत रहिवाशांच्या मोटारी, स्कूटरी, मोटारसायकली ओळीनें उभ्या असतात. काम आटोपतें, इमारत उजळून निघते, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोणी आपल्या मोटारीच्या टपावरून हात फिरवतो, तों हाताला बारीक वाळू लागल्यासारखा खरखरीतपणा लागतो. जवळून पाहतां पांढऱ्या, करड्या किंवा तांबूस ठिपक्यांची पूड साऱ्या पत्र्यावर बसलेली दिसते.

येथपर्यंत झालेलें नुकसान फारसें मोठें नसतें. मोठें नुकसान होतें तें यानंतर. शेजारीपाजारी सल्ले देऊं लागतात. कोणी म्हणतो पेट्रोलनें पुसा. कोणी रंगाऱ्याच्याच डब्यांतला थिनर आणून देतो. कोणी स्वयंपाकघरांतली भांडीं घासण्याची हिरवी घासणी पुढें करतो. घासून घासून परका रंग निघतो खरा. पण त्याबरोबर मोटारीची स्वतःची झळाळीहि निघून जाते, आणि गाडी उन्हांत उभी केली म्हणजे पत्र्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे असंख्य ओरखडे चमकूं लागतात. रोगापेक्षां इलाज भयंकर, असें म्हणतात तें येथें अक्षरशः खरें ठरतें.

म्हणून आज सांगावयाचें तें मुख्यतः एवढेंच आहे. उडालेला रंग हा आपल्या रंगाच्या वर बसलेला पाहुणा आहे; तो बहुधा काढतां येतो. परंतु घरचा रंग एकदां खरवडला गेला, कीं तो परत येत नाहीं. तेव्हां उपाय करावयाचे ते सौम्याकडून तीव्राकडे, एकेक पायरीनें, आणि जेथें काम भागेल तेथें थांबावयाचें. हा नियम कशासाठीं आणि तो पाळावयाचा कसा, हें आतां क्रमानें पाहूं.

फवाऱ्याची गति

रंगाचा फवारा हवेंत कसा वागतो हें कळल्यावांचून तो इतक्या दूर पोंचलाच कसा, याचें आश्चर्य संपत नाहीं. स्प्रे गनचा वंश, गमतीची गोष्ट अशी, कीं वैद्यकांतला आहे. अमेरिकेंतील टोलेडो शहरीं ॲलन डीव्हिल्बिस या डॉक्टरांनीं १९ व्या शतकाच्या अखेरीस रोग्याच्या घशांत औषधाचे तुषार सोडण्यासाठीं एक उपकरण तयार केलें. त्यांचे पुत्र टॉमस यांनीं तेंच तत्त्व घेऊन २० व्या शतकाच्या आरंभीं रंग फवारण्याचें यंत्र बनविलें. त्या काळीं मोटारींना कुंचल्यानें वार्निश-रंग देत, आणि सगळे हात होऊन तो वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. पुढें ड्यू पाँ कंपनीनें ‘ड्यूको’ नांवाचें झटपट वाळणारें लॅकर काढलें, आणि जनरल मोटर्सनें १९२४ सालच्या ओकलंड मोटारींवर तें वापरलें. तें इतक्या लवकर वाळे, कीं कुंचला फिरविण्यास अवसरच उरत नसे; फवारणें हाच सोयीचा मार्ग. फवाऱ्यानें दिलेल्या गुळगुळीत रंगाला आपल्याकडचे सुतार-रंगारी आजहि ‘ड्यूको’ म्हणतात, त्याचें मूळ हें.

स्प्रे गन रंगाचे अतिसूक्ष्म थेंब करते. ते सगळेच्या सगळे वस्तूवर बसत नाहींत. जुन्या पद्धतीच्या, जोरदार हवेच्या गनमधून निघालेल्या रंगाचा निम्म्याहूनहि कमी भाग पुष्कळदां वस्तूला लागतो. बाकीचा हवेंत उधळला जातो. खिडकीची जाळी किंवा जिन्याचा कठडा रंगवितांना तर फवाऱ्याचा मोठा भाग गजांमधल्या पोकळींतून सरळ पलीकडे निघून जातो.

या थेंबांचें माप मायक्रॉनमध्यें मोजतात. एका मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे १ मायक्रॉन. माणसाच्या डोक्याचा केंस साधारणतः ७० मायक्रॉन जाड असतो. आतां ५० मायक्रॉन व्यासाचा थेंब घ्या. स्थिर हवेंत तो सेकंदाला सात-आठ सेंटिमीटर एवढ्याच वेगानें खालीं येतो. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, म्हणजे सुमारें १० मीटरवरून, जमिनीवर पोंचण्यास त्याला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्या अवधींत सेकंदाला २ मीटर वेगानें वाहणारी एखादी साधी झुळूक त्याला अडीचशें मीटर दूर घेऊन जाते. थेंब १० मायक्रॉनचा असेल तर तेंच अंतर उतरण्यास त्याला तासाभराच्या आसपास वेळ लागतो. मग तो कोठें जाऊन पडेल याचा नेमच नाहीं. ‘आम्ही पलीकडच्या गल्लींत रंगवीत होतों, तुमच्या गाडीवर कसा उडेल?’ असें कंत्राटदार विचारतो, त्याचें उत्तर या हिशेबांत आहे.

याच हिशेबांत थोडा दिलासाहि आहे. दुरून आलेला थेंब वाटेंतच बराचसा वाळतो, आणि पत्र्यावर पुडीसारखा नुसता टेकतो. त्याची पकड कच्ची असते. जवळून उडालेला थेंब मात्र ओला असतांना पत्र्यावर पसरतो आणि तेथेंच घट्ट धरून बसतो. म्हणून फवारा किती अंतरावरून आला, हें जाणणें उपयोगाचें असतें.

केंसाहून पातळ कवच

आतां ज्यावर हा पाहुणा येऊन बसला, त्या घरच्या रंगाकडे वळूं. कारखान्यांतून निघालेल्या आजच्या मोटारीच्या पत्र्यावर एकावर एक असे अनेक थर असतात. सर्वांत खालीं गंज रोखणारें अस्तर. तें बसविण्यासाठीं सगळा सांगाडा रंगाच्या हौदांत बुडवून त्यांत वीज सोडतात. त्यावर दुसरें अस्तर, त्यावर लाल, निळी, रुपेरी अशी छटा देणारा थर, आणि सर्वांच्या वर एक रंगहीन, पारदर्शक थर. हे सगळे मिळून जाडी भरते ती साधारण १०० ते १५० मायक्रॉन, आणि त्यांपैकीं वरचा पारदर्शक थर असतो सुमारें ३५ ते ५० मायक्रॉनांचा. म्हणजे एका केंसाच्या जाडीहूनहि कमी.

परंतु गाडीची सारी झळाळी या पातळ कवचांत आहे. ऊन, पाऊस, पांखरांची विष्ठा, समुद्राकडची खारी हवा हीं सर्व प्रथम यालाच सोसावीं लागतात. उन्हांतील अतिनील किरण अडविणारीं द्रव्येंहि याच थरांत मिसळलेलीं असतात. तो झिजला, कीं खालची छटा फिकी पडूं लागते, आणि कांहीं वर्षांनीं टपावर व बॉनेटवर पापुद्रे सुटूं लागतात. घासणीनें किंवा पॉलिशपेपरनें ठिपके खरवडणारा मनुष्य आपल्या गाडीचें आयुष्यच खरवडीत असतो. आज दिसणारे ओरखडे हा त्या नुकसानीचा लहान भाग. मोठा भाग पुढें दोन-चार उन्हाळ्यांनंतर दिसतो.

पारदर्शक थराची ही पद्धत १९८० नंतरच्या काळांत सर्वत्र रूढ झाली. त्यापूर्वींच्या गाड्यांवर, आणि आजहि कांहीं साध्या पांढऱ्या गाड्यांवर, रंगछटा व चकाकी एकाच थरांत असते. ओळखण्याची रीत सोपी आहे: पांढऱ्या फडक्यावर थोडें पॉलिश घेऊन एखाद्या कोपऱ्यांत हलकें चोळावें, फडक्याला गाडीचा रंग लागला तर थर एकेरी समजावा. गाडीच पांढरी असेल तर हीच चांचणी गडद रंगाच्या फडक्यानें करावी.

आणखी एक भेद याहून महत्त्वाचा आहे. कारखान्यांत भट्टींत भाजलेला रंग रासायनिक दृष्ट्या असा जखडला जातो, कीं सौम्य द्रावकाच्या क्षणभर स्पर्शानें तो विरघळत नाहीं. परंतु अपघातानंतर एखाद्या गॅरेजमध्यें पुन्हां रंगविलेला दरवाजा किंवा मडगार्ड असेल, आणि त्यासाठीं साधें लॅकर वापरलें असेल, तर थिनरचें फडकें फिरतांच परका रंग आणि घरचा रंग दोन्ही मिळूनच निघतात. म्हणून वापरलेली गाडी विकत घेतली असल्यास तिचा पूर्वेतिहास विचारून ठेवावा.

तीन प्रश्न

फडकें हातांत घेण्यापूर्वीं तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळवावीं. उडालेला रंग कोणत्या जातीचा? त्याला किती वेळ झाला? आणि तो कशावर पडला आहे?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर रंगाऱ्याच्या डब्यावर लिहिलेलें असतें. त्याच्याशीं भांडण्याआधीं तो डबा पाहून घ्यावा. भिंतींचे इमल्शन व डिस्टेंपर हे पाण्यांत कालविलेले रंग; ओले असतांना पाण्यानें धुऊन जातात, वाळल्यावर मात्र इमल्शन रबरी पापुद्र्यासारखें चिकटून राहतें. फाटकाचा व जाळ्यांचा ऑइल पेंट हवेंतील प्राणवायु शोषून वाळतो. तो हाताला कांहीं तासांत कोरडा लागला तरी आंतून घट्ट होण्यास त्याला बरेच दिवस लागतात, आणि तेवढे दिवस तो टर्पेंटाइनला वश असतो. लॅकर केवळ द्रावक उडून गेल्यामुळें वाळतें, म्हणून तें थिनरनें केव्हांहि पुन्हां विरघळतें; पण तोच थिनर आपल्या गाडीलाहि धोक्याचा. चौथी जात दोन डबे मिसळून करावयाच्या रंगांची. यांत हार्डनर घालावा लागतो, आणि एकदां कडक झाल्यावर हा रंग कोणत्याहि सौम्य द्रावकाला दाद देत नाहीं. तो युक्तीनेंच उचलावा लागतो. चुना व सिमेंटचा रंग या सर्वांहून निराळे. त्यांत क्षार असतो आणि कणहि खरखरीत. ते कोरडे पुसले तर पत्र्यावर पॉलिशपेपर फिरविल्यासारखेंच होतें. ते भरपूर पाण्यानें भिजवून वाहूं द्यावे, आणि चुन्याचे राहिलेले डाग पाण्यांत पातळ केलेल्या शिरक्यानें टिपून लगेच धुऊन टाकावे.

दुसरा प्रश्न वेळेचा. येथें उशीर जितका कमी तितका उपाय सौम्य. पहिल्या तासांत जें पाण्यानें जातें त्याला दुसऱ्या दिवशीं द्रावक लागतें, आणि महिन्यानंतर कारागीर लागतो. म्हणून ठिपके दिसतांच गाडी उन्हांतून सावलींत आणावी. तापलेल्या पत्र्यावर रंग भराभर घट्ट होतो. पण लगबगीनें कोरडें फडकें मात्र फिरवूं नये.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर डोळ्यांनीं व बोटांनीं शोधावें. पत्रा, कांच, प्लास्टिक, रबर, दिव्यांचीं झांकणें या प्रत्येकाची प्रकृति वेगळी आहे. ठिपके किती दूरवर पसरले आहेत हें पाहण्यासाठीं गाडी धुऊन घ्यावी, हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवावी, आणि बोटें पत्र्यावरून अलगद फिरवावीं. उघड्या हाताला न जाणवणारी खरखर पिशवीमुळें स्पष्ट कळते.

पाणी, साबण आणि धीर

पहिली पायरी पाण्याची. नळीच्या सौम्य धारेनें धूळ वाहून जाऊं द्यावी. मग गाडीसाठीं मिळणाऱ्या शांपूचें फेसाळ पाणी करून मऊ सुती किंवा मायक्रोफायबरच्या फडक्यानें वरून खालीं धुवावें. इमल्शनचे ठिपके ताजे असतील तर पुष्कळदां एवढ्यानेंच काम होतें, आणि सुंठीवांचून खोकला गेल्याचा आनंद मिळतो. एक-दोन दिवस झाले असतील तर कोमट पाण्यांत भिजविलेलें जाड फडकें त्या जागीं दहा-पंधरा मिनिटें पसरून ठेवावें. पाणी रंगाच्या कडांखालीं शिरतें, ठिपका फुगतो, मऊ पडतो, आणि नखाच्या नव्हे, तर बोटाच्या गराच्या दाबानें सुटून येतो. हट्टी इमल्शनवर औषधाच्या दुकानांत मिळणारें आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मे पाणी घालून फडक्यानें टिपावें, आणि लगेच धुऊन काढावें.

क्ले बारची युक्ति

धुतल्यानंतरहि खरखर उरली, तर दुसरी पायरी क्ले बारची. नांवांत क्ले असला तरी ही कुंभाराची माती नव्हे. हा मऊ, चिवट, कणकेसारखा मळतां येणारा कृत्रिम पदार्थ असून त्यांत अत्यंत बारीक घर्षक चूर्ण मिसळलेलें असतें. गाडीच्या रंगासाठीं ही युक्ति जपानांतून पुढें आली, आणि तादाओ कादाते या जपानी गृहस्थाच्या नांवें १९९० च्या दशकांत अमेरिकेंत तिचें पेटंट नोंदलें गेलें. आज मोटारींचें सामान विकणाऱ्या दुकानांतून क्ले बार सहज मिळतो.

त्याचें काम समजून घेण्यासारखें आहे. पत्रा साबणाच्या पाण्यानें भरपूर ओला केला, कीं क्ले त्या पाण्याच्या पातळ पडद्यावरून घसरत जातो. सपाट भागाला त्याचा स्पर्श जवळजवळ होतच नाहीं. पण पत्र्यावरून वर आलेल्या कणाला तो अडतो, त्याला कडेनें धरतो, आणि मुळापासून तोडून आपल्यांत सामावून घेतो. द्रावक रंगाला विरघळवून काढतें, क्ले त्याला उपटून काढतो. म्हणूनच कोणत्याहि द्रावकाला न जुमानणारे दोन डब्यांच्या रंगाचे कणहि, ते दुरून येऊन कच्चे बसलेले असतील तर, यानें निघतात.

कृति अशी. गाडी स्वच्छ धुतलेली, पत्रा थंड आणि जागा सावलीची असावी. लिंबाएवढा गोळा हातांत मळून त्याची चकती करावी. दोन फूट लांब, दोन फूट रुंद एवढाच भाग एका वेळीं घ्यावा आणि तो शांपूच्या पाण्यानें चिंब करावा. चकती तीन बोटांखालीं धरून सरळ रेषेंत पुढें-मागें फिरवावी. गोल गोल फिरवूं नये. दाब आपल्या हाताच्या वजनाएवढाच. आरंभीं खरखर ऐकूं येते आणि चकती अडखळते. थोड्याच वेळांत आवाज मंदावतो व ती लोण्यावरून सरकल्यासारखी सरकूं लागते. तें झालें म्हणजे तेथलें काम संपलें. चकती उलटून पाहिली, तर परका रंग तिच्यावर उतरलेला दिसतो. ती दुमडून, मळून नवी बाजू वर आणावी आणि पुढचा भाग घ्यावा.

दोन गोष्टी विसरूं नयेत. पाणी सुकलें तर क्लेच पत्र्याला ओरखडे काढतो. आणि गोळा जमिनीवर पडला तर तो धुऊन पुन्हां वापरण्याची काटकसर करूं नये. त्यांत रुतलेला वाळूचा एक कण पुढच्या प्रत्येक हालचालीबरोबर पत्र्यावर रेघ ओढीत जातो. पडलेला गोळा टाकून द्यावा, नवा घ्यावा. एका मोटारीला दोन-तीन तास लागतील. तेवढी उसंत नसेल तर काम सुटीच्या दिवसावर ढकलावें, पण दाब वाढवूं नये.

द्रावक आणि पॉलिश

जवळून उडालेला ऑइल पेंट ओल्या अवस्थेंतच पसरून बसला असेल, तर क्ले त्याच्यापुढें थकतो. तेथें तिसरी पायरी द्रावकाची. रंगाच्या दुकानांत मिळणारें मिनरल टर्पेंटाइन हें त्यांतल्या त्यांत सौम्य. तेंहि आधीं दाराच्या आंतल्या कडेवर किंवा अशाच न दिसणाऱ्या जागीं लावून पाहावें. फडक्याला रंग लागला नाहीं, चकाकी मावळली नाहीं, पत्रा चिकट झाला नाहीं, तरच पुढें जावें. फडकें ओलसर करून ठिपक्यावर अर्धा मिनिट दाबून धरावें, मग टिपून घ्यावें, चोळूं नये. प्रत्येक वेळीं फडक्याची कोरी घडी पुढें आणावी, नाहींतर सुटलेला रंग पुन्हां गाडीलाच फासला जातो. हाताएवढी जागा झाली, कीं ती शांपूच्या पाण्यानें धुवावी.

थिनर, ॲसिटोन आणि नखांवरचा रंग काढण्याचें द्रव यांना गाडीपासून दूरच ठेवावें. पेट्रोलविषयीं तर दुहेरी सावधगिरी हवी. त्याची वाफ अत्यंत ज्वालाग्राही असते. आवारांत कोणी विडी पेटविली किंवा विजेच्या बटनाची ठिणगी उडाली तरी भडका होऊं शकतो. एक डाग काढण्यासाठीं एवढें संकट ओढवून घेण्याचें कारण नाहीं. टर्पेंटाइनहि पेटणारें आहेच. तें उघड्या हवेंत वापरावें, हातांत रबरी मोजे घालावे, आणि रंगानें भरलेलीं फडकीं चुरगाळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तेलाचा रंग वाळतांना उष्णता निघते, आणि अशा बोळ्यांनीं आपोआप पेट घेतल्याचीं उदाहरणें आहेत. फडकीं पसरून वाळवावीं, किंवा पाण्यांत बुडवून मग टाकावीं.

याउपरहि पुसट छाया उरली, तर शेवटची पायरी बारीक पॉलिशची. पॉलिश म्हणजे गोड नांवाचें घासणेंच होय. प्रत्येक वेळीं तें पारदर्शक कवचाचा थोडासा अंश उतरवितें. म्हणून तें डागापुरतें आणि क्वचितच करावें. गॅरेजमध्यें ‘कंपाउंड मारून देतों, गाडी नवी दिसेल’ असें सांगतात, तेव्हां गाडी नवी होत नसून तिचें कवच पातळ होत असतें, हें ध्यानांत ठेवावें. धार, कंगोरा आणि कडा यांवर रंग मुळांतच विरळ असतो. तेथें यंत्र लावूंच देऊं नये. २००० नंबरचा पाण्याचा पॉलिशपेपर मारणें हें तर केवळ निष्णात कारागिराचें काम. रंगाची जाडी मोजण्याचें यंत्र ज्याच्याजवळ आहे त्याच्याकडेच तें सोंपवावें.

सर्व झाल्यावर गाडीला मेण लावावें. क्लेनें आणि द्रावकानें जुनें मेण निघून गेलेलें असतें, आणि उघडा पत्रा पुढच्या धुळीला लवकर धरतो. मेणाचा हात असला, कीं पुढच्या वेळीं उडालेला रंगहि कमी चिकटतो.

जेथें नियम बदलतात

कांच सर्वांत सोशीक. समोरची कांच साबणाच्या पाण्यानें ओली करून कोरें पातें जवळजवळ आडवें धरलें व एकाच दिशेनें पुढें नेलें, तर रंग सालपटासारखा निघतो. पण कांचेवर आंतून काळी फिल्म असेल तर त्या बाजूस पातें लावूं नये.

पुढच्या दिव्यांचीं झांकणें कांचेसारखीं दिसलीं तरी आजकाल तीं बहुधा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचीं असतात. त्यांवर थिनर लागला तर बारीक तडा जाऊन तीं कायमचीं धुरकट होतात, आणि रात्रीं रस्ता नीट दिसेनासा होतो. त्यांना साबणाचें पाणी आणि क्ले एवढेंच. काळें, रंग न दिलेलें प्लास्टिक आणि रबरी पट्ट्या यांनाहि हाच नियम.

मॅट, म्हणजे मुद्दाम निस्तेज ठेवलेल्या रंगाच्या मोटारसायकली हल्लीं पुष्कळ दिसतात. त्यांना पॉलिश आणि क्ले दोन्ही वर्ज्य. घासलेली जागा चकाकूं लागते, आणि ती चकाकी पुन्हां घालवितां येत नाहीं. पाणी, साबण, आणि त्यानें भागलें नाहीं तर थेट जाणता कारागीर. महिन्याच्या आंत नवा रंग दिलेल्या भागालाहि द्रावक लावूं नये. तो अजून आंतून कोंवळा असतो.

आधीं घ्यावयाची काळजी

या सगळ्या श्रमांहून सोपी गोष्ट म्हणजे रंग उडूं न देणें. इमारतीच्या चालकांनीं काम सुरू होण्यापूर्वीं चार दिवस सूचना लावावी, कोणत्या दिवशीं कोणत्या बाजूस फवारणी होणार तें त्यांत लिहावें, आणि शेजारच्या इमारतींनाहि कळवावें. कारण अडीचशें मीटरांचा हिशेब आपण वर पाहिलाच. फवारणी पहाटेच्या शांत हवेंत करावी; वारा सुटला तर थांबावें. वाहनांच्या अगदीं जवळच्या फाटकाला व कठड्याला स्प्रे गनऐवजीं कुंचला किंवा रोलर वापरावा. वेळ थोडा अधिक लागेल, पण रंगहि कमी वायां जाईल. गाडी हलवितां येत नसेल तर ती आधीं धुऊन मग झांकावी. धुळीवर घातलेलें आच्छादन वाऱ्यानें हलून स्वतःच पत्रा घासतें.

नुकसान झालेंच, तर साफ करण्यापूर्वीं त्याचीं छायाचित्रें घ्यावीं आणि कंत्राटदाराला प्रत्यक्ष दाखवावें. भरपाईची अट मूळ करारांतच लिहिलेली असली म्हणजे मागाहून वितुष्ट येत नाहीं. मात्र ती भरपाई कंत्राटदाराच्या हिशेबांतून यावी. दोराला लोंबकळून दिवसभर राबणाऱ्या रंगाऱ्याच्या रोजांतून ती कापली जाणें न्यायाचें नाहीं. फवारा उडेल हें ठाऊक असतांना आच्छादनाचा खर्च वांचविण्याचा निर्णय त्याचा नसतो.

आणि येथें गाडीहून मोठी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जो सूक्ष्म तुषार आपल्या टपावर येऊन बसतो, तोच, त्याच क्षणीं, फवारणाऱ्या माणसाच्या श्वासांतून छातींत जात असतो. दोन डब्यांच्या पुष्कळ रंगांच्या हार्डनरमध्यें आयसोसायनेट जातीचीं द्रव्यें असतात, आणि त्यांनीं माणसाला दम्याचा कायमचा विकार जडूं शकतो, हें वैद्यकशास्त्रानें सिद्ध केलें आहे. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवूं शकत नाहीं; त्यासाठीं योग्य श्वसनरक्षक मुखवटाच लागतो. पत्र्यावरचा कण क्लेनें उचलतां येतो. फुप्फुसांत गेलेल्यावर तसा उपाय नाहीं. आपण आपल्या गाड्या झांकण्याची मागणी कंत्राटदाराकडे करूं, तेव्हां त्याच कागदावर रंगाऱ्यांच्या मुखवट्यांचीहि मागणी लिहावी. दोन्हींचा खर्च मिळून साऱ्या रंगकामाच्या मानानें थोडाच होईल, आणि दिवाळीपूर्वीं इमारतीबरोबर तिच्या रहिवाशांचेंहि तोंड उजळ राहील.